रात्रपाळीच्या आठवड्यातला तारा

कवटीपाशी आले आणि मी पेन्सिल उचलली.

समोर नेरूरकर सरांच्या पुस्तकाचे प्रिंटआऊट होते. जगातल्या थोर खगोलशास्त्रज्ञांची चरित्रं, एकूण बारा प्रकरणं. चौथ्या प्रकरणात सरांनी लिहिलं होतं की ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे ज्या जर्मन गणितज्ञाने शोधून काढलं, त्याच्या म्हाताऱ्या आईवर चेटकीण म्हणून खटला भरला गेला. तिच्याविरुद्धच्या तक्रारींतली एक अशी, की तिने कबरी खणणाऱ्या माणसाकडे आपल्या मेलेल्या बापाची कवटी मागितली होती. कशाला, तर चांदीने मढवून मुलासाठी पेला करून घ्यायला.

मी समासात लिहिलं, 'आधार?' तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून खाली आणखी लिहिलं, 'हे चरित्र आहे, कादंबरी नव्हे.'

दिवाळी अंकात आपल्या नोकरीबद्दल लिही म्हटल्यावर मला पहिली ही कवटीच आठवली. नोकरी काय होती ते आधी सांगते, कारण मुलुंडला आमच्या सोसायटीत अजून सगळ्यांना वाटतं की मी शुद्धलेखन तपासायची. ऱ्हस्व-दीर्घ बघणारे वेगळे. मी घाटकोपरच्या एका प्रकाशन संस्थेत तीस वर्षं मजकुरातल्या गोष्टी खऱ्या आहेत का ते बघत होते. लेखक लिहितो की अमुक माणूस तमुक साली वारला. मी जाऊन बघायचं, खरंच वारला का, आणि तेव्हाच वारला का. जिथे शंका आली तिथे समासात 'आधार?' एवढा एक शब्द. ऑफिसात माझं नावच आधारबाई पडलं होतं. पुढे सरकारने सगळ्यांना आधार कार्डं दिली, तेव्हा तर आमच्या हेमाला रानच मोकळं मिळालं. हेमा म्हणजे आमची टाइपसेटर. लेखक आले की ती आतूनच ओरडायची, "बाई, आधार मागू नका हां यांच्याकडे, लिंक नाहीये!"

या कामाने माणूस बिघडतो, हे मी कबूल करते. भाजीवाला सांगतो, आजच सकाळची मेथी आहे, तर माझी नजर देठाकडे जाते. लग्नाच्या पत्रिकेत वार आणि तारीख जुळतात का ते मी अजून बघते. मुलगी म्हणते, "आई, तू ना कुणावर विश्वासच ठेवत नाहीस." खरं आहे ते.

पण या संशयाला एक शिस्त असते. तीस वर्षांत मला एवढं कळलं की खोटी गोष्ट बहुतेक वेळा ऐकायला छान असते आणि खरी गोष्ट कुठेतरी टोचते. सरांच्याच पुस्तकातलं बघा. प्रकरणांना हेमाने टोपणनावं ठेवली होती. 'दुर्बीणवाला' म्हणजे गुरूचे चंद्र पाहणारा तो इटालियन. त्याने गुडघे टेकून माफी मागितली आणि उठता उठता पुटपुटला की तरीही पृथ्वी फिरतेच, हे आपण सगळे शाळेत शिकलो. किती छान वाटतं! मी शोधत बसले, तर खटल्याच्या कागदांत त्या पुटपुटण्याचा पत्ताच नाही. ते वाक्य काढलं. 'नाकवाला' म्हणजे तो डेन्मार्कचा सरदार, ज्याचं नाक तरुणपणी द्वंद्वात कापलं गेलं. सगळी पुस्तकं सांगतात की तो सोन्याचांदीचं नाक लावायचा. चारशे वर्षांनी त्याची कबर उघडली तेव्हा हाडावर पितळेच्या खुणा मिळाल्या. पितळ! कुठल्या लेखकाला सुचेल हे? म्हणून ते ठेवलं. आणि हा नाकवाला मेला तेव्हा विषप्रयोगाची कुजबुज झाली, ती शतकानुशतकं उरली, आणि त्यातली काही बोटं त्याच्या सहायकाकडे गेली. हा सहायक म्हणजेच तो लंबवर्तुळवाला, चेटकिणीचा मुलगा. शेवटी तपासण्या होऊन विषाचा संशय फिटला, पण तोवर त्या बिचाऱ्यालाही मरून शेकडो वर्षं झाली होती.

तर कवटी. ती मला लेखकाच्या डोक्यातून आलेली वाटली, आणि मी सरांना तसं कळवलं. तिसऱ्या दिवशी सर स्वतः ऑफिसात हजर. चेंबूरला राहणारे, मानखुर्दच्या शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. बुटके, गोल चेहऱ्याचे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. त्यांनी झेरॉक्सचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला.

"सामंतबाई, ही तुमची कवटी. कबरी खणणाऱ्यासकट."

मी वाचलं. सगळं खरं होतं. सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईला साखळदंडात ठेवलं होतं, छळाची हत्यारं दाखवली होती, तरी तिने गुन्हा कबूल केला नाही. मुलाने हातातलं काम सोडून तिचा बचाव लिहून काढला. वर्षाहून जास्त काळाने सुटली आणि काही महिन्यांत वारली.

"सॉरी सर," मी म्हटलं.

"सॉरी कशाला? तुमचं कामच आहे ते. पण 'कादंबरी' म्हणालात ते जरा लागलं हं."

मी चहा मागवला. त्या दिवसापासून माझी सरांवर थोडी मर्जी बसली, आणि पुढची अडचण तिथूनच सुरू झाली. एकदा ज्याच्यावर खोटा संशय घेतला, त्याच्यावर दुसऱ्यांदा संशय घ्यायला जीभ रेटत नाही.

बारावं प्रकरण सरांनी सगळ्यात शेवटी पाठवलं. त्याचं नाव होतं 'गच्चीवरचा निरीक्षक', आणि ते त्यांच्या वडिलांवर होतं.

अप्पा नेरूरकर मालवणकडून आलेले, परळच्या गिरणीत कामाला. मानखुर्दला खाडीकडे तेव्हा काळोख असायचा, तिथल्या इमारतीच्या गच्चीवर बसून एका जुन्या लष्करी दुर्बिणीतून त्यांनी तीस वर्षं ताऱ्यांच्या नोंदी ठेवल्या. काही ताऱ्यांचं तेज कमीजास्त होत असतं. शेजारच्या, ठरलेल्या तेजाच्या ताऱ्यांशी तुलना करून आज तो किती तेजस्वी दिसतो ते आकड्यात लिहायचं, एवढंच हे काम. त्याला मोठी वेधशाळा लागत नाही, पण रोज बसायची चिकाटी लागते, आणि अशा हौशी लोकांच्या नोंदी शास्त्रज्ञ खरोखर वापरतात. इथवर मला प्रकरण फार आवडलं.

मग दावा होता. ऑगस्टात डोक्यावर येणाऱ्या एका तारकासमूहात एका वर्षी अचानक नवा तारा पेटला, नुसत्या डोळ्यांना दिसेल असा, आणि थोड्याच दिवसांत विझला. जगाला त्याची खबर लागली त्याच्या आदल्या रात्रीच अप्पांनी तो पाहिला आणि वहीत लिहून ठेवला, असं सरांचं म्हणणं. त्या एका ओळीच्या जोरावर अप्पा थोरांच्या रांगेत बसले होते.

मी समासात लिहिलं, 'आधार?' या वेळी जरा हळू हाताने.

सरांनी व्हॉट्सअॅपवर वहीचा फोटो पाठवला. तारीख, वेळ, 'नवीन तारा दिसला.' बस. फोटोत ती एकच ओळ होती. वरची ओळ नाही, खालची नाही. हेमाने माझ्या खांद्यावरून बघितलं आणि म्हणाली, "बाई, क्रॉप केलाय."

"मोबाईलवर वाचता यावं म्हणून केला असेल."

"तुम्ही असं म्हणताय? तुम्ही?"

मी सरांना फोन केला. म्हटलं, सगळ्या वह्या बघायला मिळतील का? "सगळ्या?" त्यांनी विचारलं. मग म्हणाले, "आणतो की."

आणल्या. कापडी पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी आठवडाभर दुसरं काही केलं नाही. पहिली शंका अशी की या वह्या नंतर बसून बनवल्यात का. आजकाल काय वाटेल ते बनवता येतं. पण जूनपासून पुढची पानं उघडली आणि मला गप्प बसावं लागलं. 'ढग. नोंद नाही.' दुसऱ्या दिवशी, 'ढग. नोंद नाही.' सबंध पावसाळा, जवळजवळ रोज, तारीख टाकून, तेच तीन शब्द. वर्षामागून वर्षं. खोटं लिहिणारा माणूस काही दिसलं नाही असं लिहीत बसणार नाही, त्याला तेवढा धीर नसतो. या वह्या खऱ्या होत्या. इतका प्रामाणिक मजकूर तीस वर्षांत माझ्या टेबलावर आला नव्हता.

आणि म्हणूनच ती एक ओळ डोळ्यात खुपली.

दर तिसऱ्या आठवड्याला अप्पांनी समासात उभी रेघ ओढून 'रा. पा.' लिहिलं होतं. रा. पा. म्हणजे रात्रपाळी. त्या आठवड्यात एकही नोंद नाही, कारण माणूस गिरणीत. मी त्या ऑगस्टपर्यंत आठवडे मोजत गेले. नव्या ताऱ्याची तारीख रात्रपाळीच्या आठवड्यात मधोमध पडत होती. ती उभी रेघही तिथे होती. बाकी वही शाईच्या पेनाने लिहिलेली, ही ओळ बॉलपेनने, दोन ओळींच्या फटीत बारीक अक्षरांत कोंबलेली. पुढे ठरलेल्या तेजाच्या ताऱ्याशी तुलना नाही, आकडा नाही.

अक्षर अप्पांचंच होतं का? 'न' ची गाठ तीच, 'त' चा काना तसाच. पण वडिलांचं अक्षर मुलाला काढता येतंच. मी तेव्हा सरांवरच संशय घेतला, हे इथे लिहून टाकते.

संपादक जोगळेकरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "बाई, छापखाना थांबलाय. हो किंवा नाही, एका शब्दात सांगा."

मी म्हटलं, "अप्पा आहेत अजून. त्यांनाच विचारते."

सरांना तसं कळवलं. "अप्पा नव्वदीचे आहेत," ते म्हणाले. "त्यांना कशाला त्रास?" त्यांच्या आवाजाने माझी खात्रीच झाली की पाणी मुरतंय ते इथेच.

रविवारी दुपारी चेंबूरला गेले. नेरूरकर वहिनींनी दार उघडलं, कोकम सरबत दिलं आणि आत गेल्या. अप्पा खिडकीजवळच्या खाटेवर बसलेले होते, अंगात पांढरा सदरा, पाय खाली सोडलेले. कान शाबूत होते. नजर मात्र मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही जेमतेम. सर दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले, हाताची घडी घालून.

"बस गे बाय," अप्पा म्हणाले. "माझे वह्ये वाचलंस म्हणे."

"सगळ्या वाचल्या अप्पा. पावसाळासुद्धा."

ते हसले. "पावसाळो कोण वाचता?"

मी ती वही उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि ओळीवर बोट ठेवलं. "ही नोंद. हा आठवडा तुमचा रात्रपाळीचा होता ना?"

सर मध्येच म्हणाले, "बाई, पाळी बदलून घेत असत लोक. कुणाचं लग्न, कुणाचं आजारपण…"

"गप रे," अप्पा म्हणाले. "माका इचारता ती." त्यांनी वही डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, मग खाली ठेवली. "रातपाळीच होती."

"मग ही ओळ?"

"मागसून लिवलंय."

मी सरांकडे बघितलं. त्यांचा चेहरा पडला होता, पण आश्चर्य त्यावर नव्हतं.

अप्पा बोलत राहिले, अगदी सावकाश. कामावर निघाले होते. वाटेवर सवयीने मान वर केली, तर ओळखीच्या तारकासमूहात एक अनोळखी तारा. "थंय तारो नव्हतो कधी. माका तो सगळो घराच्या भिंतीसारखो पाठ." दुर्बीण घरी. परत फिरावं तर पाळीला उशीर. "म्हटलंय, आठवडो झालो धड झोप नाय, डोळ्यांची भूल आसतली. गिरणीतलो माणूस मी, माका कोण इचारता? कोणाक सांगलंय नाय. दुसऱ्या दिसा ढग. मागसून पेपरात बातमी इली. तेवां लिवलंय."

"म्हणजे तुम्ही खरंच पाहिला होता?"

"बघलंय."

"कुणी साक्षीला होतं?"

हा प्रश्न मी नव्वद वर्षांच्या माणसाला, त्याच्या घरात, त्याच्या मुलासमोर विचारला. अप्पांनी मान हलवली. कोणी नव्हतं.

मग त्यांनी हात पुढे केला. "पेन दी रे." सर हलले नाहीत. मी माझं दिलं. अप्पांनी वही गुडघ्यावर घेतली आणि त्या ओळीच्या शेजारी, थरथरत्या मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'ही नोंद नंतर केली.' खाली सही, आणि त्या दिवसाची तारीख मला विचारून घातली.

"तां काय माझ्या मनाक बरा वाटा नाय होता," ते म्हणाले. "आता बरा झाला."

जिन्यात सर माझ्या मागून आले. मला वाटलं ओरडतील. खालच्या पायरीवर थांबून म्हणाले, "मला माहीत होतं ती ओळ घुसवलेली आहे. कॉलेजात असताना बघितली होती. अप्पांना कधी विचारलं नाही. हिंमत झाली नाही. वाटायचं, ते खोटं बोलले तर मी काय करू? आणि तुम्ही आलात आणि पाच मिनिटांत विचारून मोकळ्या झालात."

"सर, पुस्तकात खोटं…"

"खोटं कशावरून? ते सांगतायत ना की पाहिला!"

"पुरावा नाही, एवढंच म्हणतेय मी."

"झकास," सर म्हणाले आणि वर गेले.

जोगळेकरांना मी जे घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी दोन मिनिटं ऐकून घेतलं. "म्हणजे शोध नाही. मग हा माणूस थोरांच्या पुस्तकात कशाला?" आणि बारावं प्रकरण काढून टाकलं. मी गप्प राहिले. माझं काम ओळ तपासायचं होतं, प्रकरण ठेवायचं की काढायचं ते ठरवायचं नव्हतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी भांडायला हवं होतं. शोध काढून टाकला असता तरी तीस वर्षांचे पावसाळे उरत होते, आणि बाकीच्या अकरा जणांत 'ढग. नोंद नाही' असं इतक्या वेळा लिहिलेला एकही नव्हता. मी चूक पकडायला शिकले होते. बरोबर असलेल्या गोष्टीसाठी उभं राहायला शिकले नव्हते.

पुस्तक अकरा प्रकरणांचं निघालं, बऱ्यापैकी खपलंही. सरांनी मला प्रत पाठवली नाही. दीड वर्षाने अप्पा गेले, ते मला हेमाकडून कळलं. मी तोवर निवृत्त झाले होते. भेटायला जावं की नाही याचा विचार करत राहिले आणि गेले नाही.

गेल्या हिवाळ्यात सरांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ मुद्दा. "बाई, अप्पांच्या नोंदी मी सगळ्या कॉम्प्युटरवर चढवल्या. परदेशात एक संस्था आहे, अशा जुन्या नोंदी घेते. त्यांनी घेतल्या. कळवलंय की या भागातून त्या काळच्या इतक्या सलग नोंदी फार कमी मिळतात."

मग मी विचारलं, आणि मला विचारायला नको होतं, पण राहवलं नाही, "आणि ती ओळ?"

"ती नाही घेतली. तुलना नाही, आकडा नाही, आणि शेजारी अप्पांचंच लिहिलेलं. मीच ते जसंच्या तसं पाठवलं होतं." मग म्हणाले, "बाई, तुम्हाला काय वाटतं? पाहिला असेल?"

मी म्हटलं, "मला वाटण्याचा काय संबंध?" आणि फोन ठेवल्यावर स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लायब्ररीत गेले. जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधलेल्या फायली तिथे खालच्या मजल्यावर आहेत. ते वर्ष मागवलं, ऑगस्ट काढला. पाऊस असेल तर विषय संपला, असं मनाशी ठरवून गेले होते. अप्पांचं म्हणणं खोटं ठरलं तर मला बरं वाटेल की वाईट, हेच मला कळत नव्हतं. पानं पिवळी पडून कडांना तुटत होती. शेवटच्या पानावर, तळाला, बोटभर चौकटीत हवामान होतं. त्या रात्रीचं, मुंबई आणि उपनगरं.

मी तिथूनच, बाहेरच्या जिन्यावर उभी राहून सरांना फोन लावला.

"सर, त्या रात्री आकाश अंशतः ढगाळ होतं."

त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली, ती मला इकडे ऐकू आली.

"म्हणजे बाई," सर म्हणाले, "अंशतः मोकळं पण होतं ना?"

"हो," मी म्हटलं. "होतं."